ओव्याच्या वासाचा मासा

मृणालवहिनींच्या घरी लिंबं फार लवकर संपायची. फ्रीजचा खालचा खण उघडून, कमरेवर हात ठेवून त्या म्हणायच्या, परवाच तर पाच आणली होती, जातात कुठे? त्यांचे यजमान, डॉक्टर, पेपरमागून सांगायचे की इथल्या लिंबांना रसच नसतो, म्हणून जास्त लागतात. ईरा, त्यांची सात वर्षांची मुलगी, आपल्यावर आळ यायच्या आत सांगून टाकायची, "मी नाही खाल्ली लिंबू." मग लिंबू ती की ते यावर मायलेकींचं सुरू व्हायचं आणि मूळ प्रश्न बाजूला पडायचा. मी मान खाली घालून थालीपीठ संपवायचो. लिंबं मी नेत होतो. खायला नाही, हाताला चोळायला.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनला मी आलो तो पुण्याच्या कंपनीतर्फे, दोन सुटकेसेस आणि एक प्रेशर कुकर घेऊन. डॉक्टर हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार होते. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं त्यांच्या घरी आठवडाभर राहायला म्हणून गेलो आणि अडीच वर्षं राहिलो. माळ्यावरची खोली माझी. तिथल्या तिरक्या खिडकीतून बंदरावरच्या क्रेनची टोकं दिसत, आणि दुपारी चार-साडेचारला एखादं मोठं प्रवासी जहाज निघालं की त्याचा भोंगा घरातल्या भांड्यांतून घुमून जाई. खाली स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, वहिनींचं ईराला पाढे म्हणून घेणं, डॉक्टरांच्या पेजरची पिपाणी. रविवारी मेतकूट-भात, वर तूप. घर पूर्ण शाकाहारी. अंडंसुद्धा केकमधून आलं तरच चाले. पण आपलेपणात कुठे कमी नव्हती. मला ताप आला तेव्हा वहिनींनी तीन दिवस पेज जिन्यानं वर आणली. आज पन्नाशी ओलांडल्यावर मोजायला बसलो, तर आयुष्यात ज्यांचं देणं फिटणार नाही अशा चारपाच माणसांत त्या येतात. म्हणूनच त्यांच्याशी मी जे खोटं बोललो ते आधी सांगून टाकलं पाहिजे.

पहिल्याच संध्याकाळी, चहाबरोबर, त्यांनी विचारलं होतं की वडील काय करतात. मी म्हणालो, "फिशरीजमध्ये आहेत."

हा शब्द मी बारामतीला कॉलेजात असताना शोधला होता. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजी शब्दात उत्तर दिलं की पुढचं कुणी विचारत नाही, हे मला होस्टेलवर कळलं होतं. फिशरीज म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेबल येतं, पंखा येतो, फायली येतात. एका शब्दानं मी माझ्या वडिलांचं भिजलेलं धोतर काढून त्यांना इस्त्रीची पँट चढवली होती. खरं म्हणजे आबा धरणानं अडलेल्या भीमेच्या फुगवट्यावर मासे धरत. आम्ही भोई. पहाटे होडीतून जायचं, कमरेतून वळून जाळं फेकायचं, त्याला आम्ही पाग म्हणतो, आणि आई ते मासे पाटीत घालून भिगवणच्या बाजारात न्यायची. चिलापी, रोहू, कधी मरळ. माझी बी.एस्सी. आणि एम.सी.ए. ह्या माशांवर झाली. शाळेत चौथीला असताना शेजारचा मुलगा बाक सोडून उठून गेला आणि गुरुजींना म्हणाला की याला वास येतो. दुसऱ्या दिवसापासून मी दारातल्या झाडाचं लिंबू तोडून हाताला, कोपरांना चोळून शाळेत जायला लागलो. आबा तेव्हा ओट्यावर पाठमोरे बसून जाळं सांधत असायचे. त्यांनी ते कधी पाहिलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

डाव्या हाताच्या घरात डग राहायचे. बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी कॅनडात. ईरा त्यांना डगआजोबा म्हणे. मला नुसतं डग म्हणणं जमेना, म्हणून मी मिस्टर डग म्हणायचो, आणि ते दर वेळी मागे वळून पाहायचे, जणू त्यांचे वडील येऊन उभे राहिलेत. एका शनिवारी कुंपणापलीकडच्या खिडकीत ते काहीतरी बारीक काम करताना दिसले. डोळ्यांना भिंग, छोट्या पकडीत धरलेला गळ, आणि त्या गळावर रेशमाच्या दोऱ्यानं कोंबड्याचं पीस गुंडाळत होते. इतका लहान गळ मी कधी पाहिला नव्हता. ज्वारीच्या दाण्याएवढा. मी न राहवून विचारलं की यावर आमिष कुठे लावायचं. ते म्हणाले, हेच आमिष, ही माशी आहे. खोटी माशी. तो गळ त्यांनी माझ्या हातात दिला, मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, की तुला गळ कसा धरायचा ते कुणी शिकवलं? मी तो बोटांत टोक आत करून धरला होता. मी म्हणालो, असंच.

पुढच्या शनिवारी ते मला गाडीत घालून उत्तरेला, शहराबाहेर घेऊन गेले. तिथे टेस्ट नावाच्या नदीला येऊन मिळणारा एक ओढा आहे. चुनखडीच्या टेकड्यांतून झिरपून येणारं पाणी, रुंदी आमच्या गावातल्या रस्त्याएवढी. डगच्या मासेमारीच्या क्लबकडे त्याचा अर्धा मैल होता. मी पुलावरून खाली पाहिलं आणि वाटलं, पाणीच नाहीये. तळातला खडा न् खडा दिसत होता, हिरव्या गवताच्या लांब वेण्या प्रवाहात सावकाश हलत होत्या, आणि त्यांच्यामधल्या पांढुरक्या वाळूवर एक करडी सावली थरथरत एकाच जागी उभी होती. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "हा बघा." दहावीनंतर मी कधी नदीवर गेलो नव्हतो. आबांनीच जाऊ दिलं नव्हतं. तू पुस्तकात बघ, म्हणायचे.

शिकणं मात्र सोपं नव्हतं. त्या खोट्या माशीला वजन असं नसतंच. फेकायची असते ती दोरी. काठी मागे न्यायची, थांबायचं, दोरी मागे सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे. कोपर अंगाशी, हालचाल मनगटाजवळ, बाकी शरीर स्तब्ध. आणि माझं शरीर दर वेळी कमरेतून वळायचं. डग काठावर बसून बघायचे आणि म्हणायचे, तुला गालिचा झटकायचा असेल तर माझ्या घरी दोन आहेत. मी हसायचो. कमर का वळते ते मला पक्कं माहीत होतं. लहानपणी कोरड्या अंगणात रिकामा पाग फेकून फेकून ती कमर घडली होती. पण ते मी त्यांना सांगत नव्हतो.

त्याहून अवघड होतं ते मासा सोडणं. पहिला ट्राउट मला लागला तो चुकून, दोरी नीट पडली म्हणून नाही तर पडली नाही म्हणून. सोनेरी पोट, अंगावर लाल ठिपके. डगनी हात पाण्यात बुडवून ओले केले, त्याला पाण्यातच धरलं, गळ अलगद काढला, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून थोडा वेळ थांबले आणि हात उघडला. मासा गेला. मी बघत राहिलो. आबांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, हे मला त्यांच्या आवाजात ऐकू आलं. सोडायचा हुता तर धरला कशाला? त्या संध्याकाळी मी घरी येऊन नेहमीपेक्षा एक लिंबू जास्त वापरलं.

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि डग ती माझ्यापासून लपवत होते हेही लक्षात आलं. त्यांना मासे दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दोरी ते अजून रुमाल अंथरावा तशी अंथरायचे, पण जिथे मासा नाही तिथे. त्या उन्हाळ्यात त्यांना एकही मिळालेला नव्हता. एकदा मी पुलावर होतो आणि ते खाली पाण्यात, मांडीपर्यंत. मी म्हणालो, गवताच्या वेणीच्या डावीकडे, दोन हात वर. तिथे नाही, त्याच्या मागे अजून एक आहे, मोठा. डगनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. मी सांगितलं तिथे माशी टाकली. काठी वाकली.

तो ट्राउट नव्हता. चांदीसारखा करडा, अंगावर जांभळट झाक, आणि पाठीवर पंख असा की उघडला तर जपानी पंखाच. डग म्हणाले, हा ग्रेलिंग, आम्ही हिला लेडी म्हणतो. मग त्यांनी ओला हात माझ्या नाकापाशी आणला आणि म्हणाले, वास घे, थाइम. थाइम कशाला म्हणतात मला ठाऊक नव्हतं. मी वास घेतला आणि हसूच आलं. तो ओवा होता. ताजा, हातावर चोळलेला ओवा. दुसऱ्या दिवशी मी वहिनींच्या बरणीतला चिमूटभर ओवा कागदात बांधून डगच्या दारात गेलो. त्यांनी तो तळहातावर घेतला, चोळला, हुंगला आणि डोळे मिटून म्हणाले, "दॅट्स हर." मग अर्धी चिमूट तोंडात टाकली आणि पुढची पाच मिनिटं पाणी पीत राहिले.

तेव्हापासून आमची जोडी ठरली. मी काठावरून सांगायचो, ते टाकायचे. सप्टेंबरअखेरीला ट्राउटचा मोसम संपायचा आणि ग्रेलिंगचा रंगात यायचा. क्लबातले साहेबलोक तोवर आपापल्या काठ्या गुंडाळून ठेवायचे, आणि थंडीच्या ओढ्यावर आम्ही दोघंच असायचो. थर्मासमधला दुधाचा चहा आणि वहिनींनी दिलेली शंकरपाळी. डग त्यांना डायमंड म्हणायचे आणि खिशात लपवायचे.

दुसऱ्या वर्षी आबा इंग्लंडला यायचे ठरले. आईलाही बोलावलं होतं, पण बहिणीचं बाळंतपण नेमकं ऑक्टोबरात आलं. आबांचा पासपोर्ट, व्हिसा, सगळं झालं. सहा आठवडे. वहिनींनी ईराची खोली त्यांना द्यायची, ईरानं आईबापांकडे झोपायचं, असं माझ्याआधीच ठरवून टाकलं. आणि एके दिवशी जेवताना त्या आनंदानं म्हणाल्या, की आपल्या इथल्या मराठी मंडळींचा दसऱ्याचा कार्यक्रम आहे ना चर्चच्या हॉलमध्ये, त्याला दत्ताच्या, म्हणजे माझ्या, बाबांना प्रमुख पाहुणे करायचं मी सुचवलं आणि सगळे लगेच हो म्हणाले. दर वर्षी तेच ते कोणीतरी बँकवाले. फिशरीजसारख्या खात्यातला माणूस जरा वेगळं बोलेल. दहा मिनिटं पुरे.

 वहिनींपुढे आपली फजिती होईल याची भीती होतीच, पण ती मोठी नव्हती. मोठी भीती ही होती की आबा त्या हॉलमध्ये उभे राहतील, कोणीतरी त्यांना साहेब म्हणेल, आणि त्यांच्या लक्षात येईल की आपल्या मुलानं आपल्याला लपवलंय. आयुष्यभर पाण्यात उभं राहून ज्या मुलाला कोरड्या जमिनीवर उभं केलं, त्यानं.

त्यानंतरच्या शनिवारी ओढ्यावर माझं लक्ष नव्हतं, तरी डोळे आपलं काम करत होते. डगना दोन ग्रेलिंग मिळाले. आम्ही काठावरच्या पडलेल्या झाडावर बसलो. त्यांनी चहा ओतता ओतता विचारलं, की एवढं बघायला तुला शिकवलं कुणी? क्लबात चाळीस वर्षं झालेल्या लोकांना जे दिसत नाही ते तुला दिसतं.

मी म्हणालो, "माय फादर. ही इज अ फिशरमन."

मी हे आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. इंग्रजीत ते सोपं गेलं.  डगचा चेहरा एकदम खुलला. "लव्हली," ते म्हणाले. "अँड व्हॉट डझ ही डू फॉर अ लिव्हिंग?"

छान. आणि पोटासाठी काय करतात? मला आधी वाटलं ते चेष्टा करतायत. मग कळलं, की नाही. त्यांच्या देशात, त्यांच्या ओढ्यावर, फिशरमन म्हणजे डग. क्लबातले जज्ज, डॉक्टर, घरं विकणारे, सगळे फिशरमन. पोटासाठी ते दुसरं काहीतरी करतात. जो शब्द मी पंधरा वर्षं दातांमागे दाबून ठेवला होता तो बाहेर काढला, आणि ह्या माणसाला त्यात मिरवण्यासारखंच काही दिसलं. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना. मग मी सगळं सांगितलं. भीमा, पाग, पाटी, लिंबू, फिशरीज, दसरा. मध्ये कुठेतरी माझं हसणं थांबलं होतं.

 डगनी विचारलं, की ज्या दिवशी तुझ्या वडिलांना मासे मिळत नसत त्या दिवशी तुम्ही जेवत नव्हता का? मी म्हणालो, जेवायचो, कमी. त्यांनी मान डोलावली, कपातला गाळ गवतावर टाकला आणि म्हणाले, "मग फिशरमन ते. मी आपला क्रेन चालवणारा, ज्याला सुट्टीत पाण्यात उभं राहायला आवडतं." जाताना गाडीत ते एवढंच म्हणाले, की त्यांना इथे घेऊन ये. पुलाखालच्या डोहात मला काय दिसत नाही ते त्यांना विचारायचंय.

वहिनींना मराठीत सांगायचं होतं, आणि ते फार जड गेलं. त्या दुधी किसत होत्या. मी सांगत गेलो तसा किसणीचा आवाज थांबला. त्या रागावल्या, आणि रागावायचा त्यांचा हक्कच होता. म्हणाल्या, "दीड वर्षं माझ्या ताटात जेवतोस आणि मला एवढीशी ओळखलीस? तुझे वडील मासे धरतात म्हणून मी तुला काय बाहेर वाढणार होते?"  त्या पुन्हा किसायला लागल्या. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "आणि शनिवारी नदीवरून आलास की वर जाऊन लिंबं चोळतोस."

"हो."

"मी डॉक्टरांवर संशय घेत होते. म्हटलं, हा माणूस चोरून काही पितोय की काय." आणि हसू आवरेना म्हणून किसणी खाली ठेवली. त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना नवा ईमेल पाठवला. पाहुणे तेच, फक्त आधी लिहिण्यात माझी चूक झाली, ते खात्यात नाहीत, स्वतः मासेमारी करतात. माझी चूक, असं त्यांनी लिहिलं. तो ईमेल मी अजून जपून ठेवला आहे.

आबा आले. विमानतळावर ढगळ कोट, डोक्यावर पांढरी टोपी, हातात आईनं दिलेल्या चटणीचा डबा. घरात ते अंग चोरून वावरायचे, पण दोन दिवसांत ईरानं त्यांना जिंकलं. ती त्यांना मराठी शिकवत होती, आणि ते शिकत होते. दसऱ्याला हॉलमध्ये वहिनींनी त्यांना शाल आणि सुपरमार्केटमधला नारळ दिला. बोलायला उठल्यावर आबा हात जोडून म्हणाले, की मी भीमेवर मासे धरतो, पोरगं हितं शिकल्यालं काम करतं, तुमी त्याला घर दिलं, लई उपकार. आणि खाली बसले. टाळ्या मनापासून पडल्या. मला वाटलं, सुटलो.

पण ईमेल काही सगळे वाचत नाहीत. पुरी-श्रीखंडाच्या रांगेत, सूट घातलेले एक वयस्कर गृहस्थ, जे उशिरा आले होते आणि ज्यांना मागे मीच ते फिशरीज ऐकवलं होतं, आबांपाशी गेले आणि अगदी आदरानं म्हणाले, "साहेब, फिशरीजमध्ये असता असं कळलं दत्ताकडून. पोस्टिंग कुठे होतं?" मी चार पावलांवर कागदी डिश घेऊन उभा होतो. आबांनी त्या गृहस्थांकडे पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे. डोळ्यांत राग नव्हता. पण त्यांना समजलं होतं. सगळंच, एका क्षणात. मग ते त्या गृहस्थांकडे वळले.

"भीमेवर," आबा म्हणाले. "बदली कदी झाली न्हाय."

गृहस्थ म्हणाले, वा, नशीबवान आहात. आबा म्हणाले, ते तर हायच.

घरी आल्यावर आबा शालीची घडी करून झोपायला गेले. मी रात्रभर वाक्यं जुळवत राहिलो आणि सकाळी त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही. सकाळी डग दारात उभे होते, हातात छातीपर्यंतची रबरी विजार, आबांसाठी. ती घालताना आबांना धोतर आत कोंबावं लागलं आणि ते दोघं म्हातारे, एकमेकांचा एकही शब्द न कळता, आमच्या हॉलमध्ये हसत होते.

ओढ्यावर पोचल्यावर आबांनी वाकून हात बुडवला, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं. म्हणाले, थंड हाय पन ग्वाड हाय. मग पुलावर गेले, कठड्यावर हात टेकून उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत. मला पुलाखालच्या डोहात नेहमी दोन मासे दिसायचे. आबांनी सहा दाखवले. सावली बघू नगं, ते म्हणाले, गवत कुठं उलटं हलतंय ते बघ. डगनी काठी त्यांच्यापुढे धरली. आबांनी मान हलवली आणि डगनाच पाण्यात उतरवलं. स्वतः मागे उभे राहिले. डगच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांनी त्यांना जरासं डावीकडे वळवलं, जसं होडीचं तोंड वळवतात, आणि एक बोट पुढे केलं. डगनी माशी टाकली. आबांनी खांदा दाबला. डगनी काठी उचलली.

मोठा ग्रेलिंग होता. डगनी दोरी ओढून आणली आणि मी जाळी घेऊन पुढे जायच्या आत आबांनी हात पाण्यात बुडवून ओले केले आणि मासा धरला. डग माझ्याकडे वळून म्हणाले, पाहिलंस, हात ओले केले त्यांनी, मला ते शिकायला दहा वर्षं लागली. मी आबांना घाबरत घाबरत सांगितलं, की आबा, इथे सोडायचा असतो. सोडायचा हुता तर धरला कशाला, हे ऐकायला मी तयार होतो.

"आपन न्हाय का सोडत," आबा म्हणाले, "पोटाशी आसल्याली?"

मी विसरलो होतो. पावसाळ्याच्या तोंडाला अंड्यावर आलेल्या माद्या आबा जाळ्यातून काढून होडीवरूनच परत सोडायचे, ओल्या हातांनी. मी होडीत बसून पाहिलं होतं ते. नदीवरून हाकलून पुस्तकात घातल्यावर मी इतर सगळ्याबरोबर तेही धुऊन टाकलं होतं. आबांनी गळ काढला, माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं, पाठीवरचा पंख एकदा उघडून पाहिला आणि हात उघडला. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग गेला.

आबा तळहात नाकापाशी नेऊन हुंगत राहिले. त्यांच्या कपाळावर आठी आली, मग ती गेली. डग बाजूला होऊन उगाचच दोरी गुंडाळायला लागले. मी म्हणालो, "आबा, काल त्या माणसाला मी..." आणि पुढे जमेना.

आबा पाणी तुडवत माझ्याजवळ आले. इतकी वर्षं ओट्यावर पाठमोरे बसलेले आबा. त्यांनी तो ओला हात माझ्या नाकापाशी धरला.

"घे वास," ते म्हणाले. "ओवा हाय नुसता. ह्याला लिंबू नगं लागायला."